तळाची मूठ

रूथ, प्रभाकर, ज्या दिवशी आम्ही गाव सोडलं, त्या दिवशी तुमच्या दाजींनी आमचं सगळं सामान एकट्याने एसटीच्या टपावर चढवलं. पत्र्याची ट्रंक, वळकट्या, आणि जातंसुद्धा. रूथ, तुला आठवत असेल, कंडक्टर म्हणाला होता, "पुण्याकडे निघालात आणि जातं कशाला नेताय राव, तिकडे गिरण्या आहेत." दाजी जात्याची जड तळी खांद्यावर घेऊन शिडी चढले आणि सगळा बाजार बघत राहिला. मीही बघत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे मला तेव्हा फार अभिमान वाटला.

बाबा शिडीच्या पायथ्याशी उभे होते. ते खालून म्हणाले, "शांतवनराव, अंगातल्या जोराच्या भरवशावर जाऊ नका. जोर देणारा वर आहे."

"मी वरच आहे बाबा," असं म्हणून दाजी टपावरून हसले. बाबा हसले नाहीत. आईचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या हातात घासलेटचा एक रिकामा डबा देत होती. राखेने घासून घासून तिने त्याचा वास घालवला होता, कासाराकडून झाकण बसवून घेतलं होतं आणि तळाशी कडुलिंबाचा पाला पसरला होता. तिने ओच्यातून मूठभर ज्वारी काढली, त्या पाल्यावर टाकली आणि म्हणाली, "पहिली मूठ माझी. पुढच्या तुझ्या. आणि टाकलेली मूठ आपली नसते, ध्यानात ठेव."

तुम्हा दोघांना हे सांगायला नको, पण प्रभाकर, तुझी मुलं मुंबईत वाढतायत, त्यांना कदाचित ठाऊक नसेल. आपल्या गावी ख्रिस्ती घरातली बाई दळणाला किंवा शिजवायला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूला टाकायची. ती देवाची मूठ. रविवारी ती मंदिरात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, नेऊन ओतायची, मग पाळकसाहेब ती विधवांना, आजाऱ्यांना वाटायचे. आई तर तापाने फणफणली असतानाही मूठ काढल्याशिवाय चुलीपाशी जात नसे. मला लहानपणी वाटायचं, ही मूठ काढली नाही तर भाकरी फुगतच नाही.

पिंपरीला आम्हाला गावठाणातल्या एका शेतकऱ्याच्या घरी मागच्या बाजूची खोली मिळाली. घराची मालकीण शेवंताबाई, वयाने आईएवढी, आवाजाने आईच्या दुप्पट. मी तिला मावशी म्हणायचे. एका बाजूला तिची ज्वारी उभी, दुसऱ्या बाजूला औषधाच्या कारखान्याच्या भिंती चढतायत, पलीकडे कॅम्पात सिंधी लोकांनी नव्याने मांडलेली दुकानं, आणि मधून मुंबईचा रस्ता. कुठे बघावं तेच कळेना. दाजींना मालधक्क्यावर हमालीचं काम लागलं. ते घरी आले की नवे नवे शब्द आणायचे. शिफ्ट, ओव्हरटाइम, गँग, मुकादम. मी ते शब्द पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

एक गोष्ट मात्र कुठेच सापडेना. आपलं मंदिर. मी शेवंताबाईला विचारलं, तर तिने लगेच हात लांब करून मारुतीचं देऊळ दाखवलं. "हे काय, हाय की." मग मी तिला समजावलं की आमचं मंदिर वेगळं असतं. ती म्हणाली, "आसंल. हिकडं न्हाई." रविवारी आम्ही दोघंच खोलीत दार लोटून बसायचो. दाजी प्रार्थना करायचे, मी हळू आवाजात गायचे. गावी सगळे मिळून गायचो तेव्हा माझा आवाज बरा वाटायचा. इथे एकटीचा ऐकला तेव्हा कळलं की मी बेसूर आहे.

तरी मूठ मी चुकवली नाही. न्यायची कुठे ते माहीत नव्हतं, पण हात आपोआप जायचा. डबा भरत चालला. शेवंताबाई दारातून जाता येता ते पाहायची. एकदा ती आत येऊन बसलीच.

"ही ज्वारी कुनाची?"

"देवाची."

"मंग देवाला देत का न्हाईस?"

"द्यायला मंदिर नाही ना इथे."

तिने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. "तुझा देव इथं राहत न्हाई, आन त्याचा डबा मातूर हितं राहतोय," एवढं बोलून ती उठून गेली. मी हसले. पण नंतर भाकरी थापताना तेच डोक्यात घोळत राहिलं. ती चुकीचं काय बोलली होती?

आता दाजींच्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. धक्क्यावर जड पेट्या यायच्या, यंत्रांच्या, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. त्या गँगने मिळून उचलायच्या. उचलताना मुकादम मोठ्याने मारुतीचं नाव घ्यायचा आणि बाकीचे एकदम जोर लावायचे. त्या नावावरच सगळ्यांचा जोर एका क्षणी लागतो, नाहीतर पेटी एका अंगाला कलते. तुमचे दाजी ते नाव घेईनात. गप्प उभे राहायचे, आणि मग त्यांचा जोर एक तर आधी लागायचा नाही तर नंतर. मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला, "भाऊ, नाव नको घेऊ, नुसतं हईशा म्हण." दाजींना तेही पटेना. मला म्हणाले, "नाव मारुतीचं आणि जोर माझा, म्हणजे मी कुणाच्या बळावर उचललं? देवाला काय तोंड दाखवू?"

मला ते तेव्हा फार मोठं वाटलं. केवढी श्रद्धा, असं वाटलं. मग त्यांनी एक तोड काढली. गँगबरोबर उचलायचंच नाही. बेताच्या पेट्या मुकादमाने त्यांना वेगळ्या काढून द्यायच्या आणि त्यांनी त्या एकट्याने न्यायच्या. लोक बघायला थांबायचे. कुणी म्हणायचं, नगरचा रेडा आहे. दाजी घरी येऊन हे सांगायचे तेव्हा मिशीतल्या मिशीत हसायचे, आणि मी पाठीला तेल चोळता चोळता देवाचे आभार मानायचे. आज वाटतं, ते देवासाठी एकटे उचलत होते की एकटे उचलता येतं म्हणून? मला अजून सांगता येत नाही. त्यांनाही येत नाही, मी विचारलंय.

एक दिवस त्यांनी दोघांनी उचलायची पेटी एकट्याने उचलली. कुणी सांगितलं नव्हतं, मुकादम तर नको म्हणत होता. पेटी खांद्यापर्यंत आली आणि कमरेत काहीतरी तटकन झालं. गँगच्या लोकांनी त्यांना दरवाजाच्या फळीवर घालून घरी आणलं. त्यांना उचलताना त्या लोकांनी मारुतीचं नाव घेतलं. दाजी डोळे मिटून फळीवर पडले होते, त्यांनी ते ऐकलं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, फळीवर उताणं पडून राहायचं, कूससुद्धा दुसऱ्याने वळवायची, आणि पुढे जन्मात वजन उचलायचं नाही. मला तेव्हा दिवस गेले होते. हमालाचं काम म्हणजे काम केलं तर चूल पेटणार. मी कॅम्पात एका सिंधी बाईकडे पापड लाटायला जाऊ लागले, पण पाय सुजले आणि तेही थांबलं. मडकी एकेक करून खडखडीत झाली. खोलीत धान्य उरलं ते फक्त त्या डब्यातलं.

मी प्रार्थना करत होते. रूथ, तुला खरं सांगते, मी वाट बघत होते. देव काहीतरी करील, बाबा अचानक दारात उभे राहतील, कुठून तरी पाळकसाहेब येतील, असलं काहीतरी. बाबांनी सांगितलं होतं तशी मी वरच्याच्या भरवशावर होते. दाजी मात्र छताकडे बघून म्हणाले, "करुणा, डबा उघड."

"तो देवाचा आहे."

"देवाला काय कमी आहे? ज्वारी आपल्या कष्टाची आहे. ह्या खांद्यांनी कमावलेली. उघड तो."

"टाकलेली मूठ आपली नसते," मी आईचं वाक्य म्हटलं. त्या दिवशी आम्ही शेवंताबाईने दिलेलं ताक पिऊन राहिलो. ताक ती शेजारधर्म म्हणून रोज सगळ्यांनाच द्यायची, त्यामुळे दाजींनी ते मागितल्यासारखं झालं नाही.

बाजाराच्या दिवशी शेवंताबाई सूप घेऊन आली. सुपात ज्वारी होती. म्हणाली, "तुझं बघून म्या बी चालू केलं. रोज येक मूठ गाडग्यात टाकत व्हते. घे."

मला रडू फुटलं. मी तिचे हात धरले आणि म्हणाले, "मावशी, माझ्या देवानेच तुम्हाला पाठवलं."

तिने हात सोडवून घेतले. "मला कुनी पाठीवलं न्हाई. दिस उगवल्यापास्नं म्या राबते, घरच्यांच्या शिव्या खाऊन मूठ काढते, आन नाव तुझ्या देवाचं व्हय? माझं मी देती. तुझ्या देवाला मधी घालू नको."

ती गेली आणि मी सुपाकडे बघत बसले. आता ही ज्वारी कुणाची? देवाने पाठवली म्हणावं तर देणारी बाई नको म्हणते. तिची म्हणावी तर मग मी इतके दिवस कुणाची वाट बघत होते?

दाजींचं वेगळंच. ते म्हणाले, "ती परत देऊन ये."

"का?"

"मी कुणाच्या दारातलं खात नाही. आपल्या घरात डबा भरलेला आहे. त्यातलं काढ. देवाचं घेऊ, माणसाचं नको."

"मी माणसाचं घेईन," मी म्हणाले, "देवाचं नको."

बघा, एका खोलीत दोन माणसं, दोघांचंही देवावर प्रेम, आणि दोघं एकमेकांना देवाचा चोर ठरवतायत. मला वाटत होतं, हे देवाचा डबा फोडायला निघालेत. त्यांना वाटत होतं, ही देवाला सोडून शेजारणीपुढे हात पसरते आहे. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे ह्यातलं नक्की कोणतं, ते सांगायला जवळ कुणी नव्हतं. बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं, असं मी तेव्हा धरून चालले होते. आता तेवढी खात्री नाही.

मी ज्वारी परत दिली नाही. जात्यावर बसले. पोट पुढे आलेलं, धाप लागायची, तरी दळलं. भाकरी केली आणि ताटली दाजींच्या फळीपाशी ठेवली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. कमरेची कळ एवढी की तोंड वळवतानाही त्यांचे डोळे पाणावले. मी म्हणाले, "अहो, तुम्ही नाही खाल्लंत तर मीही नाही खाणार. आणि मी नाही खाल्लं तर आतलं उपाशी राहील." शेवटी भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "तोडून दे." मी घास तोडून त्यांच्या तोंडात घातला. ज्यांनी जातं टपावर चढवलं होतं, त्यांना मी त्याच जात्याच्या पिठाची भाकरी भरवत होते. ते खात होते आणि रडत होते. मला त्यांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं.

त्यानंतर दर बाजाराला सूप यायचं. पुढे पुढे दाजी तिला हाक मारून बोलायचे, "मावशी, आज लवकर?" तेवढ्यावर त्यांची मजल गेली. त्या वर्षी शेवंताबाईचा रस्त्याकडचा तुकडा कारखान्यासाठी गेला होता आणि तिच्या घरात त्यावरून रोज वादावादी चालायची. तरी सुपातली ज्वारी कमी झाली नाही. आणि मी त्या सुपातल्या ज्वारीतूनही दळणाआधी एक मूठ काढून देवाच्या डब्यात टाकत होते. तिने दिलेल्यातली मूठ तिला नको असलेल्या देवाला. ते बरोबर होतं का? आई, रूथ हे तुला वाचून दाखवील, तेव्हा तू सांग.

कृपाचा जन्म झाला तेव्हा दाजी भिंत धरून उभे राहायला लागले होते. मुकादमाने खटपट करून त्यांना पोती शिवायचं बसून करायचं काम मिळवून दिलं. दाजी तिथे बसूनच गँगचा आवाज ऐकायचे. आणि त्याच सुमारास मला स्टेशनवर एक ख्रिस्ती बाई भेटली. तिचा नवरा देहूरोडला डेपोत होता. तिने सांगितलं की तिथल्या चर्चमध्ये आता महिन्यातून एकदा मराठीतून उपासना होते. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमचं ठरलं की येत्या उपासनेला जायचं, लेकराला आशीर्वादासाठी पाळकसाहेबांच्या हाती द्यायचं आणि डबा पोचवायचा.

पण डबा उचलणार कोण? तो काठोकाठ भरला होता. मी दाराशी बसून तो हलवून बघत होते, तेवढ्यात शेवंताबाई आली.

"वल्ली बाळंतीण तू, डोक्यावर वझं घेती व्हय? सर बाजूला."

"मावशी, तो आमच्या देवाचा..."

"ठावं हाय कुनाचा हाय. मी खात न्हाई त्यातलं, नुसता न्हेते." तिने पदर खोचला, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि दाजींना म्हणाली, "जावईबापू, हात लावा."

दाजींच्या तोंडावरचा रंग उडाला. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. ते ओट्याच्या कडेला उभे होते, डबा ओट्यावरच होता, म्हणजे वाकायचं कारण नव्हतं. फक्त तळहात लावायचे. त्यांनी लावले. दुसऱ्या बाजूने मी एक हात लावला, एका हातात कृपा. आणि शेवंताबाई नेहमी भारा उचलताना म्हणते तसं मोठ्याने म्हणाली, "मोरया."

डबा वर गेला. आणि त्याच दमात दाजींच्या तोंडून निघालं, "आमेन."

दाजी माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच काहीतरी बोलले होते. मी रस्त्याकडे बघितलं. शेवंताबाईचं लक्ष डब्याच्या तोलावर होतं. ती म्हणाली, "चला, गाडी चुकंल."

स्टेशनपर्यंत ती पुढे चालली, देवाचं धान्य डोक्यावर घेऊन. मागे मी लेकराला घेऊन, आणि सगळ्यात मागे तुमचे दाजी, मोकळ्या हातांनी. मोकळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. ते सारखे खिशात घालायचे आणि काढायचे.

देहूरोडला चर्चच्या दारापर्यंत तिने डबा आणला, तिथे दोन माणसांनी तो घेतला. ती आत आली नाही. आवारातल्या झाडाखाली बसली. आत मी कितीतरी महिन्यांनी सगळ्यांबरोबर गायले आणि माझा बेसूर आवाज सगळ्यांच्या आवाजात बुडून गेला. मग अर्पणाची वेळ आली. त्या माणसांनी डबा उचलून मोठ्या टोपलीत ओतला. ज्वारी पडत राहिली. वरची सगळी शेवंताबाईच्या सुपातली, तिच्या खालची दाजींच्या खांद्याची. सगळ्यात शेवटी सुकलेला कडुलिंबाचा पाला पडला आणि त्याच्याबरोबर तळाची मूठ. आई, ती तुझी. ती टोपलीत पडली तेव्हा मी मोठ्याने रडले. पाळकसाहेबांना वाटलं लेकरासाठी रडते आहे.

उपासना संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. माणसाचं घ्यावं की देवाचं, एकट्याने उचलावं की सगळ्यांबरोबर, आणि 'मोरया'वर 'आमेन' निघालं त्याचं काय. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रार्थना करत राहा," आणि लेकराचं नाव विचारलं.

बाहेर शेवंताबाई वाट बघत होती. रिकामा डबा तिने माझ्या हातून घेतला, हलवून बघितला आणि विचारलं, "पोचलं का?"

मी म्हणाले, "पोचलं."

घरी आलो. मी डबा धुऊन, उन्हात वाळवून, नवा पाला घालून आत न्यायला लागले तर ती ओरडली, "थांब. रिता डबा घरात न्हेत्यात व्हय?" ती आत गेली, मूठभर ज्वारी घेऊन आली आणि पाल्यावर टाकली. मी तिला विचारलं, "मावशी, ही कुणाच्या नावाने?" ती म्हणाली, "टाकली न्हवं? आता कशाला इच्यारतीस?"

आता त्याला काही वर्षं झाली. शेवंताबाईच्या ज्वारीच्या जागी आता शेड आहेत, सकाळी भोंगा होतो, तिचा धाकटा कंपनीत जातो आणि ती स्वतः कॅम्पातल्या दुकानातून ज्वारी विकत आणते, नाक मुरडत. दाजी पोती शिवतात. गँग पेटी उचलते तेव्हा मुकादम मारुतीचं नाव घेतो, बाकीचे जोर लावतात आणि दाजी बसल्या जागेवरून "हईशा" म्हणतात. सुई हातात, उचलायचं काही नाही, तरी म्हणतात. मी त्यांना चिडवते. ते म्हणतात, "माझं बळ नाही त्यात, म्हणून चालतं." मला हे उत्तर कळलंय असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कळलं नाही असं वाटतं.

रूथ, नाताळात तू इथे आली होतीस तेव्हा विचारलंस, "ताई, तू घर म्हणतेस तेव्हा कुठलं म्हणतेस?" मी हसून विषय बदलला. मला खरंच सांगता येत नव्हतं. गावी आले की आई मला पाटावर बसवते, पाहुणीसारखं वाढते आणि पदार्थ बांधून देते. इथे मला कुणी पाटावर बसवत नाही. इथे मला शेवंताबाई ओरडते.

डबा आम्ही दर महिन्याला देहूरोडला नेतो. पण मी तो पुरता रिकामा होऊ देत नाही, तळाशी मूठभर ठेवते. पाळकसाहेबांना ते माहीत नाही. ती मूठ शेवंताबाईची आहे. देवाची की तिची ते मला ठरवता आलेलं नाही, आणि ती हलवायची माझी हिंमत होत नाही.

हे आईला वाचून दाखवशील तेव्हा तिला विचार. पहिली मूठ तिची होती, ती पोचली. आता डब्याच्या तळाशी दुसऱ्या बाईची मूठ आहे, आणि मी त्याच डब्याजवळ झोपते. तिला राग तर नाही ना येणार?